पिकअपची बॅटरी बदलण्याआधी तपासणी व्हावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नारायणगाव, लासलगाव, पिंपळगाव बसवंत अशा बाजारांतून शेतमाल घेऊन निघणारी एखादी डिझेल पिकअप ऐन वेळी सुरू झाली नाही, की बॅटरी गेली असे लगेच ठरवले जाते. गाडीत नाशवंत माल आणि लिलावाची वेळ जवळ आलेली, त्यामुळे मालक समोरच्या दुकानातून नवी बॅटरी घेतो, जुनी तिथेच देतो आणि निघतो. जुनी खरोखर निकामी झाली होती का, हे बहुतेक वेळा कोणी पाहत नाही. तपासल्याशिवाय बॅटरी बदलली जाऊ नये, जुनी बॅटरी कुठे गेली याची नोंद राहावी आणि या दोन्ही गोष्टींची सोय बाजार समित्यांनी आपल्या आवारात करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेतच इंधन पेटते. त्यासाठी इंजिन पेट्रोलगाडीपेक्षा बऱ्याच अधिक जोराने फिरवावे लागते आणि त्या काही क्षणांत सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, बॅटरीकडून शेकडो अँपिअर ओढतो. म्हणूनच लाइट नीट लागतात, हॉर्न वाजतो, तरी सेल्फ मारल्यावर नुसती ‘टक’ होते, असे पिकअपच्या बाबतीत वारंवार घडते. मात्र हे लक्षण जितके बॅटरीचे असू शकते, तितकेच बॅटरीच्या टोकावरच्या सैल लगचे (केबलच्या जोडाचे), बॉडीला जोडलेल्या गंजलेल्या अर्थिंगचे किंवा सेल्फच्या बिघाडाचेही असू शकते.

हा फरक ओळखायला व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर बहुतेक वेळा पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२ व्होल्टच्या चांगल्या बॅटरीचे माप १२.६ च्या आसपास येते. १२.२ आले तर ती साधारण अर्धी उतरलेली असते आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरत असताना माप ९.६ च्या खाली कोसळू नये. इंजिन चालू असताना ते बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावे. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) किंवा त्याचा पट्टा पाहावा लागतो, कारण चार्जिंगच होत नसेल तर नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत उतरणार. माप १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचा व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडलेला असतो आणि सेलमधले पाणी उकळून संपते. उतरलेली बॅटरी मात्र पूर्ण चार्ज करूनच लोड टेस्टरवर, म्हणजे भार टाकून बॅटरीची ताकद तपासणाऱ्या यंत्रावर, लावावी; रिकाम्या बॅटरीची परीक्षा घेऊन तिला बाद ठरवणे हा ग्राहकावर अन्याय आहे.

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. अनेक पिकअपमध्ये जीपीएस, टेप आणि वाढीव दिवे जोडलेले असतात. गाडी बंद असताना अशी उपकरणे मिळून फक्त ५० मिलिअँपिअर घेत असली, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतो आणि वीस दिवसांत २४. हंगाम संपल्यावर महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी त्यामुळेच बसते, आणि तशीच राहू दिली तर आतल्या शिशाच्या प्लेटांवर साचलेले लेड सल्फेट कडक होऊन ती कायमची कमकुवत होते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर निगेटिव्ह केबल काढून ठेवावी.

आपल्याकडे बॅटरीचा मोठा शत्रू उन्हाळा आहे. विदर्भ-खानदेशात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक तापते, पाणी लवकर आटते आणि प्लेटांच्या आतल्या शिशाच्या जाळ्या झपाट्याने झिजतात. हे नुकसान पुढे थंडीच्या पहाटे दिसून येते. ज्या बॅटरीला झाकणे आहेत तिची पातळी मार्चपासूनच नियमित पाहावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे पाणी किंवा एसीतून ठिबकणारे पाणी चालत नाही. अ‍ॅसिड तर मुळीच घालू नये, कारण आटलेले असते ते केवळ पाणी. बॅटरी ट्यूबच्या पट्टीने बांधण्याची पद्धत सर्रास दिसते; कच्च्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी प्लेटा सुटतात, म्हणून मूळ क्लॅम्पच हवा.

बदलायची वेळ आलीच, तर अँपिअर-तासांबरोबर (बॅटरीच्या साठवणक्षमतेबरोबर) सेल्फसाठी मिळणारा करंट आणि टर्मिनलची बाजू जुळते का, हे पाहावे. उत्पादनाचा महिना दुकानदाराकडून वाचून घ्यावा. चार्ज न करता सहा-सहा महिने फळीवर पडलेली बॅटरी नवी म्हणून घेऊ नये. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह हा क्रम पाळावा, नाहीतर पान्हा बॉडीला लागून ठिणगी उडते आणि तिथे बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू साचलेला असेल तर स्फोट होऊ शकतो.

जुन्या बॅटरीचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. तिचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती फिरत्या भंगारवाल्याला दिली, की ती कुठेतरी हातोड्याने फोडली जाते, अ‍ॅसिड मातीत ओतले जाते, शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते आणि त्याचा धूर आसपासच्या मुलांच्या शरीरात जातो. युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, आणि बॅटऱ्या अशा असंघटित, निकृष्ट पद्धतीने फोडून-वितळवून शिसे काढणे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. शिशामुळे मुलांच्या मेंदूला झालेली इजा भरून येत नाही. केंद्र सरकारच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या योग्य पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या इतर कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलनातच देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे.

म्हणून बाजार समित्यांनी आवारात एक प्रशिक्षित ऑटो इलेक्ट्रिशियन, चार्जर आणि लोड टेस्टर उपलब्ध ठेवावा. प्रत्येक तपासणीची मापे मालकाला लेखी द्यावीत आणि आवारातील दुकानदारांना जुन्या बॅटरीची पावती देणे बंधनकारक करावे. पिकअपमालकांच्या संघटनांनीही पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आपापल्या समितीकडे ही मागणी लेखी नोंदवावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक पिकअपमालक
नारायणगाव, ता. जुन्नर, जि. पुणे