कॅम्पर ट्रेलरच्या वीजजोडणीतील धोकादायक दोषाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ट्रेलरच्या सांगाड्याला अर्थिंग न जोडल्यामुळे बसलेला विजेचा धक्का

महोदय,

आपल्याकडून घेतलेला कॅम्पर ट्रेलर सातारा येथे गोडोलीतील आमच्या घराच्या अंगणात उभा असतो आणि सहलीला निघण्याआधी बॅटरी चार्ज करण्यासाठी व गिझर, फ्रीज चालवून पाहण्यासाठी तो आपणच दिलेल्या केबलने घरच्या विजेला जोडावा लागतो. गेल्या आठवड्यात पाऊस पडून गेल्यावर माझी पत्नी अनवाणी ओल्या फरशीवर उभी राहून दार उघडू लागली, तेव्हा कडीला हात लागताच तिला जोराचा झटका बसला आणि त्याच क्षणी घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) पडला. तो बसवलेला नसता तर काय झाले असते, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

परवानाधारक वायरमनने तपासले असता घरचे अर्थिंग व्यवस्थित निघाले. केबलही तीन तारांची आणि अखंड आहे. मात्र ट्रेलरला जिथे केबल जोडतात तिथले झाकण उघडल्यावर आतली अर्थिंगची हिरवी तार सांगाड्याला जोडलेलीच नाही, तर तिच्या कापलेल्या टोकावर काळी टेप गुंडाळून ती आत कोंबलेली आहे, असे आढळले. त्यामुळे गिझरच्या कॉइलमधून होणारे लीकेज जमिनीत न जाता सगळ्या पत्र्यात उतरत होते. सोबत छायाचित्रे जोडली आहेत.

आपल्या तंत्रज्ञांनी फोनवर सांगितले की, ट्रेलर जोडताक्षणी आरसीसीबी पडला नाही, त्याअर्थी दोष ट्रेलरमध्ये नाही. हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, तरच आरसीसीबी पडतो. रबरी टायरांवर आणि जॅकखालच्या लाकडी फळ्यांवर उभ्या असलेल्या, अर्थिंग नसलेल्या ट्रेलरमधून वीज जमिनीत जायला वाटच नव्हती, आणि ती वाट माझ्या पत्नीच्या शरीरातून मिळाली. हिरवी तार जोडलेली असती तर गिझर सुरू होताच, कोणाचाही हात लागण्याआधी, आरसीसीबी पडला असता.

शिवाय २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, तरी आपण केबलला ६ अँपिअरचा प्लग बसवून दिला आहे. त्याची एक पिन आताच काळवंडली आहे.

आमचे वायरमन तार जोडून द्यायला तयार होते, परंतु वॉरंटीच्या अटींमुळे मी हात लावू दिला नाही. तरी आपला माणूस पाठवून सांगाड्याचे अर्थिंग जोडून द्यावे, गिझर बदलावा, १६ अँपिअरचा प्लग व त्याला साजेशी केबल द्यावी, ट्रेलरमध्ये स्वतंत्र आरसीसीबी बसवावा आणि अर्थिंग व इन्सुलेशनच्या चाचणीचा लेखी अहवाल द्यावा. असेच ट्रेलर घेतलेल्या इतर ग्राहकांना तर आजच कळवावे, कारण त्यांच्या घरी आरसीसीबी असेलच असे नाही.

पंधरा दिवसांत कार्यवाही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल, याची नोंद घ्यावी.

आपला,
एक ग्राहक, गोडोली, सातारा