जुन्या गोव्यातले ‘दुसरे’ फ्रान्सिस

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा हंगाम आला की पुरवण्यांमधून जुन्या गोव्यावर लेख येतात आणि बहुतेकांत एक गफलत ठरलेली असते. ‘संत फ्रान्सिस यांचे चर्च’ म्हणून छायाचित्र एका वास्तूचे छापले जाते आणि मजकूर दुसऱ्या वास्तूचा असतो. फ्रान्सिस दोन आहेत. ज्यांचे शव पाहायला लोक रांगा लावतात ते फ्रान्सिस झेवियर (१५०६–१५५२). ते जेझुइट, म्हणजे येशू संघ या ख्रिस्ती पंथाचे, आणि त्यांची शवपेटी बॉम जेझस बासिलिकेत आहे. रस्त्याच्या पलीकडे, से कॅथेड्रलच्या मागे जे पांढरे चर्च आणि मठ आहे तो आसिसीच्या संत फ्रान्सिस यांचा. ते इटलीचे, झेवियर यांच्या तीनशे वर्षे आधीचे. १२२६ मध्ये वारले आणि भारतात कधीच आले नाहीत. आले ते त्यांच्या पंथाचे भिक्षू. १५१७ मध्ये आठ फ्रान्सिस्कन गोव्यात उतरले, म्हणजे झेवियर यांच्या आधी पंचवीस वर्षे.

नावाच्या या गोंधळात मठ राहून जातो. त्याला दिशेचीही साथ आहे. कॅथेड्रलचे तोंड पूर्वेला आणि फ्रान्सिस्कन चर्चचे पश्चिमेला, दोघे पाठीला पाठ लावून उभे. कॅथेड्रल पाहून आल्या वाटेने परतणाऱ्याला मठाचे दार दिसतच नाही. कॅथेड्रलला वळसा घालून मागे जावे लागते. शक्यतो दुपारनंतर जावे, कारण पश्चिमाभिमुख दर्शनी भागावर ऊन तेव्हा येते आणि दाराचे कोरीवकाम उठून दिसते.

दारासमोर पाच मिनिटे थांबाच. आजचे चर्च १६६१ चे. त्याआधीचे छोटे चर्च पाडून ते बांधले. पण जुन्या इमारतीचे काळ्या दगडाचे प्रवेशद्वार मात्र बांधणाऱ्यांनी फेकले नाही, नव्या भिंतीत बसवले. म्हणून सगळा दर्शनी भाग साधा, टस्कन धाटणीचा, दोन बाजूंना अष्टकोनी मनोरे, आणि मधोमध हा एकच नक्षीदार, पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाच्या काळच्या शैलीचा तुकडा. दर्यावर्दींच्या उपयोगाचे गोल, राजमुकुट आणि क्रूस त्यावर ओळखता येतात. पोर्तुगिजांचा समुद्र, सत्ता आणि धर्म एका चौकटीत बघायचे तर गोव्यात याहून चांगली जागा नाही, असे माझे मत आहे.

बाहेरच्या पांढऱ्या रंगाचीही एक गोष्ट आहे. इमारत जांभ्याची, वरून चुन्याचा गिलावा. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी पितो आणि उघडा राहिला तर झिजत जातो. त्यामुळे गिलावा ही इथे शोभेची नव्हे, संरक्षणाची बाब. समोरच्या बॉम जेझसचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यात काढून टाकला गेला. लालसर दगडाचे फोटो सुंदर येतात खरे, पण दर पावसाळ्यात त्या भिंतींची काळजी वाहावी लागते. दोन्ही इमारती लागोपाठ पाहिल्या की हा फरक न सांगता कळतो.

आत गेल्यावर नजर सोनेरी मुख्य वेदीकडे धावते. तिथे आसिसीचे फ्रान्सिस आणि क्रूसावरचा येशू यांच्या दोन मोठ्या मूर्ती आहेत आणि खाली दारिद्र्य, नम्रता व आज्ञापालन या तीन व्रतांचा उल्लेख. एवढ्या सोन्याच्या मुलाम्याखाली दारिद्र्याचे व्रत! वेदीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी फलकांवर संताच्या आयुष्यातले प्रसंग रंगवले आहेत, ते बहुतेक जण न बघता पुढे जातात. मग जमिनीकडे पाहा. फरशी म्हणून जे तुडवले जाते ते कुलचिन्हे कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. त्यांच्या मधल्या पट्टीवरून चालता आले तर चालावे. अक्षरे पायांनीच पुसली जातात.

१८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने मठ बंद केला. त्याच सुमारास गोव्यातले इतर मठही ओस पडले. डोंगरावरच्या संत ऑगस्टिनच्या मठाचे काय झाले ते तिथल्या अर्ध्या मनोऱ्यावरून दिसते. देखभाल थांबली, १८४२ मध्ये तिथली कमान कोसळली, १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग गेला. जांभ्याच्या इमारतीचे छप्पर गळू लागले की बाकीचे काम पाऊस करतो. फ्रान्सिस्कन मठ वाचला आणि १९६४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे संग्रहालय सुरू केले. त्याचा वापर चालू राहिला, हे त्याचे भाग्य.

संग्रहालय मठाच्या इमारतीत, चर्चला लागूनच आहे. ते शुक्रवारी बंद असते. ही एक ओळ पर्यटन लेखांनी छापली तरी कितीतरी जणांची फेरी वाचेल. चर्च त्या दिवशी उघडे असल्याने लोक मठही उघडा असेल असे धरून येतात. दुसरी गल्लत नावाची. ख्रिस्ती कलेचे संग्रहालय वेगळे, ते सांता मोनिका मठात, थोडे वर चढून. दोन्हीसाठी मिळून निदान तीन तास हातात ठेवावेत. २४ नोव्हेंबरपासून ३ डिसेंबरच्या झेवियर यांच्या फेस्तापर्यंत (सणापर्यंत) गर्दी अफाट असते, त्या दिवसांत शांतपणे बघायचा बेत आखू नये. पणजीच्या कदंबा स्थानकावरून बस मिळते. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक सर्वांत जवळचे.

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची साठेक चित्रे आहेत. ही मालिका १५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने सुरू करवली. पुढे जुन्या चित्रांवर पुन:पुन्हा रंग चढत गेले, तेव्हा चेहरा त्याच माणसाचा आहे अशी खात्री धरून चालू नये. कपडे, चिलखत आणि हातातली काठी जास्त बोलतात. खालच्या दालनात कामोंइश या पोर्तुगीज कवीचा ब्राँझचा पुतळा आहे. एकेकाळी तो बाहेरच्या चौकात उभा होता. गोवामुक्तीनंतर लोकांनी त्याला विरोध केला आणि तो आत आला. तो पाहताना हे माहीत असावे.

पण मराठी वाचकासाठी खरे दालन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि सतीशिळांचे आहे. वीरगळ खालून वर वाचतात. तळाच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतात, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना, कडेला सूर्य-चंद्र. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्यांचा हात शोधा. कदंब काळातल्या काही वीरगळांवर लढाई गलबतांची आहे. मुंबईकरांना बोरिवलीच्या एक्सरमधले वीरगळ माहीत असतील. तिथेही नाविक युद्ध कोरले आहे. दोन्ही पाहिलेल्या माणसाला कोकण किनाऱ्याच्या आरमारी परंपरेची ओळख पुस्तकाशिवाय होते. योगायोग म्हणजे एक्सरजवळच मंडपेश्वर आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी तिथल्या लेण्यात प्रार्थनास्थळ केले आणि वर इमारत उभारली. वसईच्या किल्ल्यातही त्यांच्या चर्चचे अवशेष आहेत, जमिनीत थडग्यांच्या शिळा तशाच. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि ते चर्च उजाड झाले. जुन्या गोव्यात छप्पर शाबूत असलेला मठ आधी पाहिला, तर वसईच्या उघड्या भिंतींत कोठे वेदी होती आणि कोठे भिक्षूंचे निवास, ते ओळखणे सोपे जाते. वसईचेच गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन बंधू. १५९७ मध्ये नागासाकीत त्यांना मृत्युदंड झाला आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले.

दोन विनंत्या. संग्रहालयाच्या व्यवस्थापनाने वीरगळांपाशी मराठी आणि कोंकणी फलक लावावेत, आणि त्यावर चौकटी कोणत्या क्रमाने वाचायच्या तेवढे तरी लिहावे. ‘हीरोस्टोन, बारावे शतक’ एवढ्याने काम होत नाही. आणि आपण पुढच्या लेखात छायाचित्राखाली नाव छापण्यापूर्वी एवढेच तपासावे: भिंत पांढरी असेल तर आसिसीचे, लाल असेल तर झेवियर.

आपला,
एक वाचक, फोंडा