सूचना मागवल्या, आता उत्तरही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बचत गट, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ आणि वाचनालये यांना द्यायच्या अनुदानाबाबत आमच्या महापालिकेने पुन्हा हरकती आणि सूचना मागवल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मुदत 15 दिवसांची आहे. बातमी चार ओळींचीच होती, पण आमच्या गटाच्या बैठकीत ती मोठ्याने वाचून दाखवली. वाचून होते न होते तोच एक जण म्हणाली, "आधी मागच्या सूचनांचं काय झालं ते विचारा." तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मी गेली 11 वर्षे एका बचत गटाची सचिव आहे. आम्ही 14 जणी आहोत. सात जणी धुण्याभांड्याची कामे करतात, तिघी शिवणकाम करतात, एकीची भाजीची गाडी आहे आणि बाकी तिघी उन्हाळ्यात पापड-कुरडया करून विकतात. दोन वर्षांपूर्वी महापालिकेने अनुदान धोरणाचा मसुदा काढला, तेव्हा आमचे मत कुणीतरी पहिल्यांदाच विचारले होते. आम्हाला त्याचा खरोखर आनंद झाला. समाजमंदिरात तीन रात्री बसून आम्ही सूचना लिहून काढल्या. मसुदा सरकारी मराठीत होता. 'प्रतिपूर्ती' म्हणजे काय हे समजायलाच पहिली रात्र गेली. आधी स्वतःच्या पैशाने खर्च करा, पावत्या जोडा, मग पैसे मिळतील, असा त्याचा अर्थ निघाला, तेव्हा सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी खर्च करायला पैसे असते तर अनुदान मागितलेच नसते.

आमच्या सूचना चारच होत्या. निम्मे पैसे आधी द्या आणि उरलेले हिशोब दिल्यावर द्या, ही पहिली. दुसरी सनदी लेखापालाच्या अहवालाबद्दल होती. मसुद्यात तीन वर्षांचे अहवाल मागितले होते. आम्ही चौकशी केली तेव्हा एका वर्षाची फी 4,000 रुपये सांगितली गेली, म्हणजे तीन वर्षांचे 12,000, आणि अनुदान होते 10,000 रुपयांचे. त्याऐवजी आमच्या वह्या महापालिकेच्या समूह संघटिकेने येऊन तपासाव्यात, असे आम्ही सुचवले. त्या दर महिन्याला वस्तीत येतातच. तिसरी सूचना नोंदणीबद्दल होती. बचत गटाला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीची गरज नसते. बँकेत खाते आणि नियमित कामकाज असले की गट चालतो. ती अट ठेवली तर वस्तीतले बहुतेक गट दारातच अडतात आणि पैसे मोठ्या, नोंदलेल्या संस्थांकडे जातात. चौथी सूचना अशी होती की पैसे मार्चमध्ये देऊन 31 मार्चच्या आत खर्च करायला लावू नका. वाळवणाचा माल भरायचा तो फेब्रुवारीत. मार्चअखेर हातात आलेल्या पैशातून घाईने काहीतरी घेतले जाते आणि पावती तेवढी जोडली जाते.

अर्ज दिला, पोच घेतली. शिक्क्यावरची तारीख नीट उमटली नव्हती म्हणून मी ती पुन्हा मारून घेतली. ती पोच आजही माझ्याकडे आहे.

सुनावणी मंगळवारी सकाळी अकराला ठेवली होती. अकरा वाजता आमच्या बायका तिसऱ्या घरची भांडी घासत असतात. तरी तिघी खाडा करून आल्या. त्यातल्या एकीच्या बाईसाहेबांनी दिवसाचे पैसे कापले. सभागृहात आम्ही, ज्येष्ठ नागरिक संघाचे चार काका आणि एका वाचनालयाचे ग्रंथपाल, एवढेच लोक होतो. वाचनालयाला राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाकडून मिळणारे अनुदान हप्त्याने येते. तोवर वर्तमानपत्रांचे बिल आणि वीजबिल खिशातून भरावे लागते, म्हणून महापालिकेने निदान विजेचा भार उचलावा, एवढेच ग्रंथपाल मागत होते. मला त्यांचे म्हणणे फार पटले. साहेबांनी प्रत्येकाला दोन मिनिटे दिली, शांतपणे ऐकले आणि प्रत्येकाच्या शेवटी "नोंद घेतली" म्हणाले. कुणी उद्धट बोलले नाही, हेही मला सांगितले पाहिजे. पाऊण तासात सगळे संपले.

चार महिन्यांनी अंतिम धोरण आले. मी मसुदा आणि अंतिम प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ बोट फिरवत वाचली. मसुद्यात पान तीनवर 'अनुदान' शब्दातला 'नु' दीर्घ छापला होता. अंतिम प्रतीतही त्याच ठिकाणी तो दीर्घच होता. कुणी तो कागद पुन्हा उघडून पाहिला असता तर निदान ती चूक तरी दुरुस्त झाली असती. आमच्या चारपैकी एकही सूचना त्यात नव्हती. नाही तर नाही, सगळेच मान्य व्हावे असा आमचा हट्ट कधीच नव्हता. पण का नाही, हेही कुणी सांगितले नाही. ज्या बाईचे त्या दिवशीचे पैसे कापले गेले तिला मी काय सांगू?

माझी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिने मला माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 वाचून दाखवले. 2005 चा हा कायदा आपल्यासारख्यांना अर्ज करून माहिती मागण्यापुरताच ठाऊक असतो. पण त्या कलमात असे आहे की कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता सरकारी कार्यालयाने काही गोष्टी आपणहून जाहीर करायच्या असतात. अनुदानाचे कार्यक्रम कसे राबवले, किती रक्कम ठेवली, लाभ कुणाला मिळाला, हे त्यात येते. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे धोरण आखताना त्याबद्दलची सगळी वस्तुस्थिती प्रसिद्ध करायची, आणि प्रशासकीय निर्णयाची कारणे ज्यांना त्याची झळ बसते त्यांना द्यायची, हेही त्याच कलमात लिहिलेले आहे. म्हणजे आम्ही मागतो ती मेहेरबानी नाही, ते आधीच कायद्यात आहे.

दुसरे सांगायचे म्हणजे, महापालिका आमच्याकडून हेच सगळे काटेकोरपणे मागते. बचत गटाची प्रतवारी पंचसूत्रीवर होते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशोबाच्या चोख नोंदी असल्या तरच राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून 10,000 रुपयांचा फिरता निधी आम्हाला मिळाला. आमच्या इतिवृत्ताच्या वहीत प्रत्येक बैठकीला कोण हजर, कुणी काय मांडले, ठराव मंजूर की नामंजूर आणि नामंजूर असेल तर का, हे लिहिलेले असते. गेल्या श्रावणात एकीने घरदुरुस्तीसाठी 20,000 मागितले आणि गटाने 12,000 च दिले. का, ते वहीत आहे. आधीच्या कर्जाचे दोन हप्ते बाकी होते. खाली तिची स्वतःची सही आहे. ती सही तिला गटात आल्यावर शिकवलेली. कमी पैसे मिळाले म्हणून ती नाराज झाली, पण पुढच्या बैठकीला आली, कारण कमी का दिले ते तिला तोंडावर सांगितले होते.

माझे माहेर खेड्यातले. तिथे ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा होते. मागच्या सभेचे इतिवृत्त आधी वाचायचे, मग नवा विषय. माझी आई त्या सभेत उभी राहून सरपंचांना विचारायची की मागच्या वेळी ठरलेल्या नळाचे काय झाले. मी शहरात आले आणि तो हक्क माझ्या हातून गेला. शहरांतल्या स्थानिक संस्थांना अधिकार देणारी 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू आहे. मोठ्या शहरांत प्रभाग समित्या झाल्या, आपल्या महापालिका अधिनियमात त्या समित्यांवर वस्तीत काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची सोय आहे, 2009 मध्ये क्षेत्रसभांची, म्हणजे शहरातल्या छोट्या भागातल्या मतदारांच्या सभांचीही तरतूद झाली. मी सासरी येऊन 27 वर्षे झाली. आमच्या भागात क्षेत्रसभा भरलेली मी एकदाही पाहिलेली नाही.

लोकांना विचारून पैसे वाटता येतात, हे इतरत्र दिसले आहे. पुण्यात 2006 पासून नागरिक अर्ज भरून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवतात. तिथेही सुचवलेल्यातली किती कामे झाली हा प्रश्न लोक वेळोवेळी विचारत आले आहेत, म्हणजे दुखणे एकट्या आमच्या शहराचे नाही. केरळात 1998 पासून कुटुंबश्री या राज्य सरकारच्या अभियानातल्या शेजारगटांतल्या बायका आपल्या मागण्या ठरवतात आणि त्या वॉर्डावरून पुढे स्थानिक संस्थेच्या आराखड्यापर्यंत जातात. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 साली नागरिकांनी अंदाजपत्रक ठरवायला सुरुवात झाली. तिथे वर्षाची पहिली मोठी सभा मागच्या वर्षीच्या हिशोबाची असे. नगरपालिकेने आधी झाले काय, राहिले काय ते सांगायचे आणि मगच लोकांना नव्या मागण्या विचारायच्या. मला त्यातले हे सगळ्यात मोलाचे वाटते.

एक कबूल करायला हवे. सगळेच गट खरे नसतात. निवडणूक जवळ आली की कागदावर गट उभे राहतात, एकाच घरातल्या चौघी सदस्य असतात आणि अनुदान मिळाले की गट दिसत नाही. अनुदान लोकांच्या कराचे आहे, ते उधळले जाऊ नये म्हणून अटी हव्यातच. पण कागदी गटाला सनदी लेखापाल गाठणे आम्हाला पडते तेवढे जड पडत नाही. खोटा गट ओळखायचा तर बैठकीच्या दिवशी वस्तीत येऊन बसायला हवे. वस्तीतल्या बायकांना कोणता गट खरा ते बरोबर माहीत असते. आणि नगरसेवकाची शिफारस जोडायला लावणे तर बंदच व्हावे. शिफारस आली की खऱ्या गटालाही कुणाच्या तरी पाठीमागे उभे राहावे लागते.

आमचे मागणे थोडके आहे. यंदाच्या सूचना घेण्याआधी मागच्या वेळी आलेल्या सूचनांची यादी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावा. प्रत्येकीपुढे मान्य किंवा अमान्य लिहा आणि अमान्य असेल तर एका ओळीत कारण द्या. सूचना शंभर असल्या तरी दोन दिवसांचे काम आहे. गेल्या वर्षी कोणत्या गटाला किती अनुदान दिले ते त्याच फलकावर लावा. सुनावणी संध्याकाळी सातनंतर ठेवा आणि शक्य असेल तर वस्तीतच घ्या. समाजमंदिरे महापालिकेचीच आहेत, भाडेही पडणार नाही. आणि मसुदा आमच्या समूह संघटिका बोलतात तशा मराठीत लिहा.

शासनाच्या आदेशाने महापालिकांना अंदाजपत्रकातला 5 टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. तो आमच्या नावाने ठेवलेला असतो, म्हणून तो कसा खर्च व्हावा याबद्दल आम्ही बोलणार. या वेळीही सूचना देणार आहोत. मागच्याच चार आहेत, नगरसेवकाच्या शिफारशीची पाचवी जोडली आहे. कागद तयार आहे, सह्या झाल्या आहेत, एका सदस्येचा अंगठा राहिला आहे, ती उद्या गावाहून येईल.

आमची बैठक दर महिन्याच्या 5 तारखेला रात्री साडेआठला असते. महापालिकेतील कुणी अधिकारी त्या दिवशी आले तर त्यांना आमच्या सगळ्या वह्या बघायला मिळतील आणि मागच्या सूचनांबद्दल त्यांना जे सांगायचे असेल ते आम्ही 14 जणी ऐकू.

आपली,
एका महिला बचत गटाची सचिव