मिठागरातले जिवाणू आणि दहा वर्षांचा फंड

संपादक महोदय,

पणजीतल्या स्टार्टअप मेळाव्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात वाचतो. गुंतवणूकदार गोव्यात येत आहेत, चांगलेच आहे. पण बायोटेकवाल्यांना ते नेमके काय विचारतात, हे बातमीत येत नाही.

माझी मुलगी मिठागरातल्या जिवाणूंपासून एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, काढते. जास्त मिठात बहुतेक एन्झाइमे ढेपाळतात, हे टिकते. कारखान्यांच्या खारट सांडपाण्यासाठी ते वापरता यावे, अशी तिची खटपट. रिबंदरच्या मिठागरातल्या सूक्ष्मजीवांवर गोवा विद्यापीठात संशोधन झालेले आहे, तेव्हा ही कल्पना काही आभाळातून पडलेली नाही. एका गुंतवणूकदाराने तिला पंधरा मिनिटे दिली आणि विचारले, “दोन वर्षांत गिऱ्हाइके किती?” ॲप काढणाऱ्याला विचारा हो हे!

त्यांचीही अडचण कळते. व्हेंचर कॅपिटलचा, म्हणजे नव्या कंपन्यांत जोखमीचा पैसा घालणारा, फंड साधारण दहा वर्षांचा. त्यातली पहिली काही वर्षे कंपन्या निवडण्यात जातात, उरलेल्यात वाढवून, विकून पैसे परत करायचे. जेनेन्टेक ही अमेरिकन बायोटेक कंपनी १९७६ मध्ये निघाली आणि तिच्या तंत्राने जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन अमेरिकेत १९८२ मध्ये मंजूर झाले. हा वेग अपवादात्मक. आणि तिथे पैशांच्या धंद्यातला रॉबर्ट स्वान्सन स्वतः हर्बर्ट बॉयर या शास्त्रज्ञाचे दार ठोठावायला गेला होता. आपल्याकडे शास्त्रज्ञाने हॉटेलच्या लॉबीत ताटकळायचे.

बायोटेक उद्योगाला मदत करणाऱ्या केंद्राच्या बायरॅक या संस्थेची ‘बिग’ योजना आहे, ५० लाखांपर्यंत अनुदान, मुदत १८ महिने. तेवढ्यात प्रयोगशाळेत गोष्ट सिद्ध होते. कारखान्याच्या टाकीत चालते का, हे पाहायला पुढचा पैसा लागतो आणि नेमका तिथेच कोणी उभा राहत नाही.

गेल्या जूनची गोष्ट. पहिल्या पावसात वीज गेली, भाड्याच्या लॅबचा जनरेटर सुरूच होईना. उणे ८० अंशांचा फ्रीझर तापू लागला. सुका बर्फ त्या रात्री कुठून आणणार? शेवटी शेजारच्या मासळीवाल्या बाईंकडून थर्माकोलची पेटी आणि साधा बर्फ आणला. पेटीला बांगड्यांचा वास. मुलगी म्हणाली, “पपा, काही उपयोग नाही, पण रिकाम्या हाताने बसवत नाही.” दोन वर्षांत जमवलेल्या जिवाणूंपैकी निम्म्या कुप्या पुन्हा वाढल्याच नाहीत.

मी वेर्ण्याच्या औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला सत्तावीस वर्षे काढली. महागडी यंत्रे रात्री नुसती उभी असतात. बाहेरचे नमुने आत घेतले तर ऑडिटला उत्तर द्यावे लागते, म्हणून कारखाने ती देणार नाहीत, हेही जाणून आहे. म्हणून सरकारनेच वेर्णा किंवा ताळगावला सामाईक लॅब उभारावी, दोन जनरेटरसकट. आणि स्टार्टअप निवडणाऱ्या समितीवर प्रयोगशाळेत पिपेट हातात धरलेला एक तरी माणूस घ्यावा.

लॅब फुकट नको, भाडे देऊ.

— एक निवृत्त केमिस्ट, पेडणे