डोक्यात जागा नाही म्हणणाऱ्यांना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका पालकांनी जपानी कार्टूनवर आगपाखड केली होती. मंत्रतंत्र, मनाच्या शक्ती, बोटांतून निघणारी वीज, असलं बघून पोरांची डोकी बिघडतात, असा एकूण सूर. ते पत्र वाचलं तेव्हा तसलीच एक मालिका मी नातवाबरोबर अर्धीअधिक बघून झाले होते. म्हणून हा पत्रप्रपंच.

मी वडगावात राहते. मराठी प्राथमिक शाळेत ३४ वर्षं शिकवून निवृत्त झाले. नातू आठवीत आहे, इंग्रजी माध्यमाला. जुलैत पाऊस उघडायला तयार नव्हता, शाळांना सुट्टी दिलेली आणि हा मोबाईल घेऊन पांघरुणात. काय बघतोस म्हणून विचारलं, तर म्हणतो, "आज्जी, तुला नाही कळायचं ते." मास्तरणीला असं बोलू नये. चष्मा लावला आणि शेजारी जाऊन बसले.

मालिकेचं नाव 'अ सर्टन मॅजिकल इंडेक्स'. कामाची काझुमा यांच्या कादंबऱ्यांवरून २००८ साली आलेली, म्हणजे नातवापेक्षा वयानं मोठी. टोकियोच्या पश्चिमेला 'अकॅडमी सिटी' नावाचं एक कल्पनेतलं शहर. वस्ती २३ लाख आणि शंभरातले ऐंशी विद्यार्थी. तिथं अतींद्रिय शक्ती हा शाळेचा विषयच आहे. चाचणी घेतात, शून्य ते पाच अशी पातळी ठरवतात. पाचव्या पातळीवर सगळ्या शहरात मिळून सात जण! निम्म्याहून जास्त पोरं शून्यावर. हे काही मला जादूचं वाटलं नाही. दहावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी बेळगावातले फलक बघा, तेच आहे.

नायक तोउमा शून्यावरचाच. पण त्याच्या उजव्या हातात एक गुण आहे: कुठलीही जादू, कुठलीही शक्ती त्या हाताला लागली की विरघळून जाते. पत्रलेखक महाशयांनी एवढं तरी बघायला हवं होतं. हा पोरगा मांत्रिकापेक्षा अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांच्या जवळचा. तोटा इतकाच, की त्या हातानं देवाची कृपाही पुसली जाते म्हणे, त्यामुळं बिचाऱ्याच्या मागं कायम साडेसाती. "फुको दा!" असं ओरडत असतो, म्हणजे नशीबच फुटकं. आमच्या घरी आता लाईट गेली की हाच गजर.

पण मला लिहायचंय ते त्या मुलीबद्दल. इंडेक्स तिचं नाव. सुट्टीच्या पहिल्या सकाळी तोउमा गादी वाळत घालायला बाल्कनीत जातो, तर कठड्यावर आधीच ही पोर लटकलेली, पांढऱ्या झग्यातली जोगीण. पहिलं वाक्य काय, तर भूक लागली. एकदा वाचलेलं ती विसरत नाही. १ लाख ३ हजार जादूच्या पोथ्या तिला तोंडपाठ. आणि वर्ष भरलं की दरवर्षी तिच्या आठवणी पुसून टाकतात. पुसणारे कोण? तिचेच जिवलग. त्यांना सांगितलेलं असतं, की मेंदूचा ८५ टक्के भाग पोथ्यांनी भरलाय, उरलेल्या १५ टक्क्यांत एकच वर्ष मावतं, पुसलं नाही तर पोर दगावेल. म्हणून ती माणसं रडत रडत, तिच्या जिवासाठी, तिला स्वतःचीच ओळख विसरायला लावतात. पुढच्या वर्षी तिच्या लेखी ही माणसं अनोळखी.

इथं मी नातवाला थांबव म्हटलं. कारण हे गणित मी ऐकलेलं आहे. त्याच्या शाळाप्रवेशाच्या वेळी मुलाखतीला मीही गेले होते. टेबलापलीकडच्या बाईंनी माझ्या सुनेला समजावलं, "घरात मराठी कमी करा. मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो, इंग्रजीला जागा राहत नाही." अगदी प्रेमानं बोलल्या. सूनही प्रेमापोटीच घाबरली. दोन वर्षं आमच्या घरात 'डोळे' नव्हते, 'आईज' होते. गोष्ट सांगायला बसले की सून आतून हळूच म्हणायची, "आई, इंग्लिशमध्ये सांगता येईल का?" शेवटी मीच गप्प बसायला शिकले.

मालिकेतला उलगडा तर माझ्या धंद्यातलाच निघाला. तोउमा शंभराला पंधरानं भागतो. वर्षाला १५ टक्के जागा लागत असेल, तर सहा-सात वर्षांतच मेंदू भरायचा! मग ज्यांना काहीच विसरता येत नाही ती माणसं जगतात कशी? तो आपल्या बाईंना फोन लावतो. कोमोए सेन्सेई. दिसायला तिसरीतल्या पोरीएवढी, आणि घरात बिअर काय, सिगारेट काय (ते मला मुळीच आवडलं नाही), पण शिकवणं चोख. बाई सांगतात, माणसाच्या मेंदूत १४० वर्षांच्या आठवणी मावतात. आणि भाषा, ज्ञान एका कप्प्यात, घडलेल्या प्रसंगांच्या आठवणी दुसऱ्यात, अंगवळणी पडलेल्या गोष्टी आणखी तिसऱ्यात. पोथ्या कितीही ठेवा, आठवणींची जागा कमी होत नाही. थोडक्यात, पोरीला बांधून ठेवायला कुणीतरी रचलेली थाप. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

१४० चा आकडा कथेतला, तो मी कुणाच्या अंगावर टाकत नाही. मी माझ्या वर्गाचा हिशेब देते. वडगावातल्या विणकरांची पोरं माझ्याकडं यायची. घरी कन्नड, वर्गात मराठी, मागाशेजारच्या दोस्ताशी उर्दू. पाढे मराठीत म्हणायची आणि गोट्या मोजताना वंदु, एरडू, मूरू. एकाचंही डोकं भरून सांडलेलं मी बघितलं नाही. आमच्या दारावर येणारी भाजीवाली मावशी मेथीची पेंडी माझ्यापुढं धरते, "घे की गं, ताजी हाय", तोच मान वळवून समोरच्या घरच्या बाईंना "इप्पत्तु रुपाई री" म्हणते आणि सुट्टे पैसे परत देताना दोघींचाही हिशेब चुकत नाही. तिला कुठल्या शाळेनं टक्केवारी दिली नव्हती.

आता त्या पालकांच्या काळजीबद्दल. अंधारात दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल, हे वाईटच, तिथं मी त्यांच्या बाजूनं आहे. मारामारीही जरा जास्तच आहे. पण बाजूला बसून बघा तरी एकदा. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखं आणि कन्नडसारखं. आणि वाक्याच्या शेपटाला 'ने' लावतात ते थेट आपल्या 'ना'सारखं. हे नातवानं शोधलं. खालच्या इंग्रजी ओळी वाचून तो मला मराठीत सांगतो, अडतो, शब्द विचारतो. जादूच्या पुस्तकाला काय म्हणायचं, विचारलं. मी म्हटलं, पोथी. वर मी लिहिलेला शब्द त्या दिवसाचा आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं 'साडेसाती'चा अर्थ विचारला आणि सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभी राहिली.

पत्र छापलंत तर उपकार होतील. कात्रण नातवाच्या शाळेच्या डायरीत चिकटवून पाठवणार आहे. पालकांच्या सहीच्या जागी मीच सही करीन, मराठीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वडगाव, बेळगाव