वनस्पती उद्यानात ठरलेला रविवार हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या श्रावणात नातीला घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात गेले होते. तिथल्या एका संशोधक मुलीने कंदीलपुष्पाचे, म्हणजे कंदिलासारखी फुले येणाऱ्या रानवनस्पतीचे, ताजे फूल पात्याने उभे चिरले आणि भिंग नातीच्या हातात दिले. नळीच्या आत खाली वळलेले बारीक केस, आणि तळाशी एक चिलटाएवढी माशी. वासाच्या ओढीने माशी आत उतरते, पण केस तिला वर येऊ देत नाहीत. ती आत धडपडते तेव्हा परागपुंज तिच्या सोंडेला चिकटतात. पुढे केस कोमेजतात, माशी सुटते आणि दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकते. "म्हणजे फूल तिला मारत नाही, नुसतं थांबवून ठेवतं?" नातीने विचारले. ती सात वर्षांची आहे. मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. परागीभवनाच्या धड्यावर इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्या वर्गातल्या मुलांसमोर फळ्यावरची आकृती होती, हिच्यासमोर फूल होते.

म्हणून ही विनंती. महिन्यातला एक रविवार ठरवून द्यावा, निदान जून ते ऑक्टोबर. कुणीही यावे, मराठीतून ऐकावे, भिंगातून पाहावे. हे उद्यान देशातल्या 'लीड बोटॅनिक गार्डन'पैकी, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मान्यता दिलेल्या प्रमुख वनस्पती उद्यानांपैकी, एक आहे आणि कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती इथे जपल्या आहेत. यातल्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कुठेच उगवत नाहीत. त्यांचे कंद खाल्ले जातात, उकरून नेले जातात, उरलेले चराईत जाते. आपल्याच जिल्ह्यातले राधानगरी अभयारण्य 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे. ते कशामुळे, हे सांगायला या बागेइतकी सोयीची जागा कोल्हापुरात नाही.

पण हौशी लोकांपुरतेच हे राहू नये. ज्यांचे पोट झाडांवर आहे किंवा ज्यांच्या हातात झाडांचा जीव आहे, त्यांच्यासाठी वेगळे, दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण हवे. नरक्या या रानझाडाचेच पाहा. कर्करोगावरच्या औषधांना लागणारे कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य त्यात असते, म्हणून त्याची चोरटी तोड होते. पानाफुलांसकट उभे झाड ओळखणे वेगळे आणि पोत्यात भरलेल्या वाळक्या ढलप्या ओळखणे वेगळे. नाक्यावरच्या वनरक्षकाला ढलप्याच ओळखाव्या लागतात, आणि ते हाताखाली नमुने घेऊनच शिकता येते. वनौषधी विकणाऱ्यांचेही तसेच. सीता अशोकाच्या सालीच्या नावाखाली बंगल्यांपुढे रांगेने लावतात त्या उंच, सरळ खोट्या अशोकाची साल खपवली जाते. दोन्ही झाडे शेजारी दाखवून, दोन्ही साली हातात देऊन एक सकाळ घालवली तरी पुष्कळ फसवणूक टळेल.

आणखी एक. आमच्या गल्लीत गटारीचे काम झाले तेव्हा कडुनिंबाच्या बुंध्याला भिडवून काँक्रीट ओतले. मी हटकले, तर कामावरचा पोरगा म्हणाला, "काकू, आम्हाला असंच सांगितलंय बघा." मुळांना हवा लागते, पाणी लागते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. दोन पावसाळ्यांत झाड वठले. त्याच्यावर माझा राग नाही. पण अशी कामे घेणारे ठेकेदार, मुकादम, रोपवाटिकावाले यांना बागेत बोलावून अळे किती सोडायचे, फांदी कुठे छाटायची हे प्रत्यक्ष करून दाखवले असते, तर ते झाड आज उभे असते असे मला मनापासून वाटते.

कंदीलपुष्पांचा बहर ऑगस्ट-सप्टेंबरात असतो. तारखा मे महिन्यातच जाहीर झाल्या तर शाळांना परवानग्या काढायला वेळ मिळेल. मुलांच्या गटांबरोबर फिरायला माणसे कमी पडत असतील तर मी आणि माझ्या दोन निवृत्त मैत्रिणी यायला तयार आहोत. आधी आम्हाला तेवढे शिकवून घ्यावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर