दार आम्हालाच उघडू द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला, अलीकडे वाचलेल्या झपाटून टाकणाऱ्या विज्ञानकथा-भयकथांवरचा लेख वाचला. म्हणजे सहाव्या परिच्छेदापर्यंत वाचला. पुढे वाचण्याची सोय परीक्षकांनी ठेवली नाही. पुस्तकांबद्दल इतक्या उमाळ्याने कुणी लिहितं याचा आनंदच आहे, एरवी तुमच्याकडे पुस्तकांच्या वाट्याला राशिभविष्याखालचा कोपरा येतो. पण उत्साहाच्या भरात माणसाने किती बोलावं?

त्या यादीतली चौथी कादंबरी मी गेले आठ दिवस वाचतोय. रोज रात्री पंचवीस-तीस पानं, त्याहून जास्त नाही, कारण ती संपू नये असं वाटतं. शनिवारी रात्री 214 व्या पानावर खूण घालून दिवा मालवला. म्हातारी जिन्याखालचं दार उघडायला निघाली आहे, आत काय आहे हे तिला ठाऊक आहे, मला नाही. झोप कसली लागतेय! आणि रविवारी सकाळी तुमच्या परीक्षकांनी अर्ध्या वाक्यात ते दार सताड उघडून दिलं. वर ‘हा धक्का वाचकांनी स्वतःच अनुभवावा’ अशी पुस्तीही जोडली. काय अनुभवावं? कपाळ? पुस्तकाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. खरं तर दाराबद्दलही मी जरा जास्तच बोललो.

मी नवं पुस्तक आणलं की आधी त्याच्या मलपृष्ठावर कोरा कागद चिकटवतो. प्रकाशक मंडळी तिथे निम्मी गोष्ट सांगून टाकतात म्हणून. घरचे हसतात, हसू देत. पण वर्तमानपत्रावर कुठे कुठे कागद चिकटवायचा?

लहानपणी वाचनालयातून नारायण धारपांची पुस्तकं आणायचो, तेव्हा कुणीतरी एक महाभाग आमच्या आधी ती वाचून जायचा आणि समासात पेन्सिलीने लिहून ठेवायचा, ‘हिच्यावर विश्वास ठेवू नका, हीच ती.’ आम्ही भावंडं त्याला मनसोक्त शिव्या घालत असू. आज त्याची आठवण प्रेमाने येते. तो निदान पेन्सिल वापरायचा. खोडता यायचं.

परीक्षकांचं म्हणणं असेल की काहीच सांगायचं नाही तर शिफारस करायची कशी? सांगा की! त्याच लेखात त्यांनी ‘प्रोजेक्ट हेल मेरी’बद्दल (हे 2021 चं, म्हणजे खरोखरच अलीकडचं) किती नेमकं लिहिलंय. एक माणूस जागा होतो, शेजारच्या दोन खाटांवर दोन मृतदेह, आणि त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. बस्स. एवढ्यावर मी ते पुस्तक मागवलं. विज्ञानकथेत मूळ कल्पना सांगितली तरी फारसं बिघडत नाही, कारण पुढे त्या कल्पनेचं काय होतं यातच मजा असते. भयकथेचं तसं नाही. दाराआड काय आहे हे कळलं की उरतं फक्त दार. हिचकॉकने 1960 साली ‘सायको’ला उशिरा येणाऱ्या प्रेक्षकांना आत सोडू नका असं थिएटरवाल्यांना बजावलं होतं आणि शेवट कुणाला सांगू नका अशी विनंती चक्क जाहिरातीतून केली होती. त्याला काय वेड लागलं होतं?

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. ‘अलीकडची’ म्हणून दिलेल्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला इंग्रजीत येऊनही दहा वर्षं उलटली, चिनी मासिकात ती 2006 मध्येच क्रमशः आली होती. ‘द मार्शियन’मधलं विज्ञान ‘शंभर टक्के बिनचूक’ असल्याचंही छापलंय. ज्या वादळापायी नायक मंगळावर एकटा अडकतो ते वादळच मुळात शक्य नाही! तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. वारा कितीही सुटला तरी यान कलंडवण्याचा दम त्यात नाही, आणि ही सूट आपण कथेसाठी घेतली हे खुद्द लेखक अँडी वीअर यांनीच कबूल केलंय. त्याने पुस्तकाची गोडी तसूभरही कमी होत नाही. मी दोनदा वाचलंय. आणि फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नव्हे हो, ते त्याला घडवणाऱ्याचं. मेरी शेलीच्या 1818 च्या कादंबरीत त्या बिचाऱ्याला नावच नाही.

बाकी सगळा लेख पुरस्कारांची नावं आणि खपाच्या आकड्यांनी भरलाय. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती. नाव बघून बक्षीस नको म्हणून. बक्षीस मिळालं ते कथेला. तुमच्या परीक्षकांसमोर ती जगतापांच्या नावाने आली असती तर त्यांनी तिच्याबद्दल काय लिहिलं असतं? बहुधा शेवट.

जाता जाता एक. मागे मी याच विषयावर पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही छापलंत, आभारी आहे. पण शेवटची दोन वाक्यं कापून. नेमका मुद्दा तिथेच होता, त्यामुळे मी उगाच त्रागा करणारा एक म्हातारा दिसलो. शेवट कापायची सोय तुमच्याकडे आहे म्हणायची. मग ती परीक्षकांसाठी का वापरत नाही? या खेपेला जागा कमी पडली तर कृपया वरचा नमस्कार कापावा.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(पान 214 वरच अडकलेला)